आजोबांची ऐरण: कुठली, किती जुनी आणि सांभाळायची कशी?

चाळीतलापोर

नमस्कार मंडळी,

लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली. दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. जिन्याखालच्या खोपटातलं सामान काढताना पोत्यांखाली आजोबांची ऐरण सापडली. ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण वीसेक वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

आजोबा गिरणीत मेकॅनिक खात्यात लोहारकाम करायचे. १९८२च्या संपानंतर ते परत गिरणीत गेलेच नाहीत. जिन्याखाली लहानशी आगटी मांडली आणि पहारी, छिन्न्या, विळ्यांची पाती, गणपतीच्या मांडवाचे आकडे अशी कामं करत राहिले. ऐरण कुठून आणली, हे विचारायचं आमच्याकडून राहून गेलं.

वर्णन करतो. एका टोकाला शिंग, मग एक पायरी, मग सपाट पाठ. शिंगाच्या विरुद्ध टोकाला दोन भोकं, एक चौकोनी आणि एक गोल. चौकोनी भोकात लोखंडाचा तुकडा गच्च अडकलाय. कडा ठिकठिकाणी उडाल्यात, पाठ मध्ये किंचित खोलगट झालीय. अंगावर हिरव्या रंगाचे जाड थर आहेत आणि त्यातून १, १ आणि १९ असे आकडे दिसतात, मध्ये बरंच अंतर सोडून. बाबांच्या मते ही १ जानेवारी १९१९ ही तारीख.

भंगारवाल्यानं काट्यावर टाकली, ७१ किलो भरली. किलोच्या भावानं मागतोय. बाबा म्हणतात, देऊन टाक, नव्या घरात कुठे ठेवणार? माझा जीव होत नाहीये. ही काय चीज आहे ते कळलं तर त्यांच्याशी बोलता येईल.

सुमेधा_दादर

देऊ नका! बाकी मला यातलं काही कळत नाही, पण देऊ नका.

लोखंडीखाट

बाबांना सांगा, ती तारीख नाही, वजन आहे.

जुन्या इंग्रजी ऐरणींवर वजन हंड्रेडवेटमध्ये ठोकलेलं असतं, तीन आकड्यांत. पहिला आकडा पूर्ण हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड. मधला पाव हंड्रेडवेटचा, २८ पौंड. शेवटचा सुट्या पौंडांचा. तुमचा हिशेब ११२ + २८ + १९ = १५९ पौंड, म्हणजे ७२ किलोच्या जरा वर. काट्यावर ७१ भरली म्हणताय, म्हणजे जुळलं.

पडताळ्याची एक खूण लक्षात ठेवा. या पद्धतीत मधला आकडा ३च्या पुढे जाऊ शकत नाही आणि शेवटचा २७च्या पुढे जाऊ शकत नाही. गेला, तर ते आकडे दुसरं काहीतरी सांगतायत.

गोट्या_गिरगाव

मग एक किलो गेला कुठे? भंगारवाल्याचा काटा की काय?

लोखंडीखाट

काट्याचाही असेल! पण उडालेल्या कडा आणि खोलगट पाठ बघता थोडं वजन कामातच गेलं असणार. आजोबांच्या आधीही कुणी ना कुणी त्यावर आयुष्य काढलं असेल.

विळाकोयता

आमचं घर लोहाराचं, गाव सातारा जिल्ह्यात. मी नोकरीसाठी डोंबिवलीत आहे, पण भाता ओढतच मोठा झालो. तुमचं वर्णन वाचून हात शिवशिवले.

आधी बिडाची (साच्यात ओतलेल्या लोखंडाची) आहे की घडीव (ठोकून घडवलेली) ते बघा. बिडाची ऐरण म्हणजे नुसता वजनदार ठोकळा. त्यावर घाव घातला की तो आत मुरतो, माणूस दमतो आणि काम होत नाही. चांगली ऐरण घाव परत देते, हातोडा आपसूक वर येतो. आमचे आजोबा म्हणायचे, अर्धा घाव आपला आणि अर्धा ऐरणीचा.

परीक्षा सोपी आहे. लहान हातोडीनं पाठीवर हलकंच टकटक करा. घडीव ऐरण घंटेसारखी वाजते, बिडाची बद्द. मात्र ती नुसत्या जमिनीवर किंवा लाकडी फळीवर सुटी ठेवून वाजवा. खाली चिंध्या, पोती असली तर चांगलीही मुकी वाटेल.

दुसरी परीक्षा गोळीची. मोटारीच्या गॅरेजमधून बेअरिंगची इंचभर जाडीची गोळी मागून आणा. पाठीवर १० इंचांवरून सोडा आणि पट्टी धरून बघा किती उसळते. ७-८ इंच उसळली तर पाठ पोलादी आणि जिवंत. ३-४ इंचांवर दमली तर एकतर बीड, नाहीतर पाठ मऊ पडलीय. एकाच जागी बघू नका, शिंगाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा ठिकाणी बघा.

परळवर्कशॉप

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक पुरवणी जोडतो.

जुन्या इंग्रजी ऐरणींचं अंग घडीव लोखंडाचं असतं आणि वर साधारण अर्ध्या इंचाची पोलादी पाटी भट्टीत तापवून, घणानं ठोकून सांधलेली असते. खालच्या अंगाला किंवा कंबरेपाशी तुमच्या ऐरणीला चौकोनी खड्डे आहेत का बघा. घडताना त्यात लोखंडी दांडे घालून हे धूड भट्टीतून काढायचे आणि फिरवायचे. तसे खड्डे दिसले तर ती घडीव असण्याची शक्यता खूप. अंग गंजलं असेल तर नीट निरखा, घडीव लोखंडाचा गंज लाकडाच्या शिरांसारखा दिसतो, कारण त्यात मळीचे, म्हणजे लोखंडात राहिलेल्या अशुद्ध कचऱ्याचे, धागे असतात.

आणि कुठे बाणाचं चिन्ह आहे का तेही पाहा. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. मी रेल्वेत होतो, तिथल्या जुन्या अवजारांवर रेल्वेची आद्याक्षरंही ठोकलेली बघितलीत.

चाळीतलापोर

काय धावून आलात सगळे! आज सकाळी गॅरेजमधून गोळी आणली. बाबा आधी दारातून बघत होते, मग पट्टी त्यांनीच धरली.

पाठीच्या मध्यावर ८ इंच. पायरीकडे साडेसात. भोकांच्या टोकाला ७. आणि आवाज! पहिल्या टकटकीला वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. म्हणाल्या, "अरे, आप्पांची ऐरण वाजली ना?" त्यांनी ती तीस वर्षांत ऐकली नव्हती.

दोन्ही पायांच्या मध्ये आणि कंबरेला चौकोनी खड्डे आहेत. बाण नाही. रंगाखाली अजून काही अक्षरं असावीत असं हाताला लागतंय.

सुमेधा_दादर

काकूंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

तासयंत्र

अभिनंदन, चांगला माल आहे. आता माझा सल्ला. पाठ खोलगट आहे आणि कडा उडाल्यात ना? साकीनाक्याला किंवा कुर्ल्याला कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिलिंगला, म्हणजे मशीनवर पाठ तासायला, लावा. तासाभरात आरशासारखी सपाट होईल. कडाही काटकोनात येतील. मी तीस वर्षं मशीनवर काढलीत, हे काम अवघड नाही.

विळाकोयता

तासयंत्र काका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण हे कृपा करून सांगू नका.

परळवर्कशॉप यांनी वर लिहिलंय की पोलादी पाटी अर्ध्या इंचाची असते. शंभरेक वर्षांच्या झिजेनंतर ती त्याहून पातळ झाली असणार. खोलगट भागाच्या तळापर्यंत सपाट करायचं म्हणजे बाकी सगळीकडची पाटी छाटायची. जो भाग ८ इंच गोळी उसळवतो, तोच कातरणात जाणार. खाली राहील ते मऊ लोखंड.

किंचित खोलगट पाठ दोष नाहीच. वाकडी पट्टी सरळ करताना तिला मधे वाकायला जागा लागते, तिथे ती उपयोगी पडते. अगदी सपाट पाठीवर पट्टी नुसती उड्या मारते. आणि कडा काटकोनी कशाला हव्यात? धारदार कडेवर तापलेलं लोखंड वाकवलं तर आतल्या कोपऱ्यात चीर जाते. आमच्या घरी नव्या ऐरणीच्या कडासुद्धा कानस मारून गोल करायचे.

तासयंत्र

मी सपाट पृष्ठाचा विचार केला, पाटीच्या जाडीचा नाही. एकसंध पोलादाची ऐरण असती तर मी माझ्या मतावर राहिलो असतो, तिथे थोडं खरवडलं तरी खाली पोलादच असतं. पण सांधलेल्या पाटीची असेल तर तुमचं बरोबर आहे. उडालेल्या कडांचे टोकदार कंगोरे मात्र हातानं घासून बोथट करा, नाहीतर पुढच्या घावाला तिथला टवका उडेल. तो डोळ्यात गेला तर काय होतं ते मी शेजारच्या मशीनवर बघितलंय. चष्मा लावल्याशिवाय हातोडा उचलू नका.

कोलाडची_कन्या

आमच्याकडे नेमकं हेच घडलं. वडिलांची ऐरण भावानं हौसेनं मिलिंग करून आणली. दिसायला इतकी देखणी की सगळ्यांनी कौतुक केलं. पहिल्याच दिवशी हातोड्याचे खळगे पडले, मेणात बोट दाबावं तसे. नंतर कुणीतरी वेल्डिंगनं कडक थर चढवून देतो म्हणाला. पुरेसं आधी तापवलं नाही की काय, थंड होताना थराला चिरा गेल्या. आता ती ऐरण अंगणात आहे, कुंडी ठेवायला. वडील काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला अजून आठवतं.

विळाकोयता

ताई, वाईट वाटलं वाचून.

यावरून आठवलं: ऐरण भट्टीत किंवा जाळावर तापवून "साफ" करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे उतरायला लागतं. रंग जाळायला म्हणून ब्लोटॉर्चही नको.

बेस्टबस

अवांतर होतंय, पण राहवत नाही. ते गोल भोक नालबंदांच्या फार कामाचं. नालेची खिळ्यांची भोकं आरपार पाडताना खाली मोकळी जागा लागते, ती तिथे मिळते.

मुंबईत ९ मे १८७४ला ट्राम सुरू झाली ती घोड्यांची, आणि १९०५पर्यंत घोडेच ती ओढत होते. विजेची ट्राम १९०७ची. त्याशिवाय व्हिक्टोरिया, टांगे, बग्ग्या, महालक्ष्मीचं रेसकोर्स. घोड्याची नाल महिना-दीड महिन्यात बदलावी लागते. हिशेब करा, या शहरात रोज किती ऐरणी वाजत असतील!

गोट्या_गिरगाव

म्हणजे ही ऐरण ट्रामच्या घोड्यांची असेल?

बेस्टबस

तसं म्हणायला पुरावा काहीच नाही. अशी भोकं बहुतेक इंग्रजी धाटणीच्या ऐरणींना असतात. मला फक्त तो आवाज आठवला. लहानपणी भायखळ्याला तबेल्याशेजारी नालबंद बसायचा, शाळेतून येताना आम्ही अर्धा तास उभे राहायचो.

माजघर

आमच्या गावाकडे घिसाडी यायचे. त्यांची ऐरण अशी शिंगाची नसायची. लहान चौकोनी ठोकळा, खालचं निमुळतं टोक जमिनीत रोवलेलं. पुरुष बसून सांडशीनं लोखंड धरायचा आणि बाई उभी राहून घण मारायची. पाठीला झोळीत लेकरू. गाढवांवर बिऱ्हाड लादून निघाले की ऐरण उपटून सोबत. इंग्रजी ऐरणीचं कौतुक होतंय ते बरोबरच, पण त्या वीतभर ठोकळ्यावर अख्ख्या पंचक्रोशीचे फाळ आणि कुऱ्हाडी व्हायच्या, हेही इथे लिहून ठेवावंसं वाटलं.

विळाकोयता

फार बरं केलंत लिहिलंत. त्या बायकांच्या घणाचा ताल कधीच चुकायचा नाही.

चाळीतलापोर

रंगाचं काय करू? चाकूनं खरवडायला सुरुवात केली होती.

रसायनकाका

थांबा. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. कोरडं खरवडून धूळ उडवू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. रंग काढायचं जेल मिळतं ते लावा, ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पट्टीनं काढा आणि निघालेला गाळ कागदात गुंडाळून टाका. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

गंजासाठी तारेचा ब्रश पुरे. आकड्यांवर ग्राइंडर फिरवू नका, ठशांची खोली आधीच कमी झालेली असते. कुणी धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर लावून गंज काढायचं सुचवेल. ती पद्धत चालते, पण त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत अजिबात नको. चार्जरच्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ७१ किलोच्या वस्तूला पिंपात बुडवण्यापेक्षा मनगट आणि ब्रश बरा.

आत्याबाई

आणि मग तेल कुठलं? मुंबईच्या पावसात आमचा तवा एका रात्रीत लाल होतो.

परळवर्कशॉप

आत्याबाई, मोलाचा प्रश्न. ज्या पाठीवर रोज काम होतं तिला काही लागत नाही, हातोडाच तिला लखलखीत ठेवतो. ठेवून द्यायची असेल तर पाठीला मशीन ऑइलचा किंवा ग्रीसचा पातळ हात द्या. अंगाला उकळलेलं जवसाचं तेल, कापडानं अगदी पातळ. ते हवेत सुकून कवच धरतं. जाड लावलं तर चिकट राहतं आणि धूळ खातं.

पण एक धोका आहे, नीट वाचा. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. तेल सुकताना उष्णता निघते आणि गोळ्यात ती कोंडते. लाकडी चाळीत तर हे चालणारच नाही. बोळे दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पावसाळ्यात ऐरणीवर प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमट वाफ साचते. सुती कापड टाका. आणि थेट लादीवर ठेवू नका.

विळाकोयता

खंडेनवमीला पूजा कराल तेव्हा हळदकुंकू जरूर वाहा, पण दुसऱ्या दिवशी पुसून तेलाचा हात द्या. ओल्या कुंकवाखाली गंज धरतो. आमची आजी दसऱ्याच्या संध्याकाळी स्वतः पुसायची.

चाळीतलापोर

ताजी खबर. जेल लावून तीन वेळा रंग काढला. खाली गिलाव्यासारखी काजळी होती. तिरका टॉर्च धरल्यावर इंग्रजी अक्षरं दिसली. पहिल्या ओळीत सुरुवातीची दोन पुसलीत, पण शेवट "टर" असा वाचता येतो. दुसरी ओळ पूर्ण आहे: "राइट". तिसरी "पेटंट". बाजूला एक गोल आणि त्यात "सॉलिड रॉट". "इंग्लंड" कुठेही नाही.

लोखंडीखाट

पीटर राइट! इंग्लंडमधल्या डडलीचे. ऐरणींच्या नामवंत कारखानदारांपैकी एक. गोलातल्या "सॉलिड रॉट"चा अर्थ भरीव घडीव, तो त्यांचाच ठसा. तुमच्या गोळीनं आधीच सांगितलं होतं, आता नावानिशी कळलं.

गोट्या_गिरगाव

"इंग्लंड" नाही म्हणजे १८९१च्या आधीची ना? कुठेतरी वाचलं होतं.

लोखंडीखाट

तो नियम अमेरिकेचा. १८९०च्या तिथल्या जकात कायद्यानं बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. अमेरिकेला जाणाऱ्या ऐरणीला तो तर्क लागू पडतो. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या ऐरणीवर तो ठसा नसला तरी त्यावरून साल ठरवता येणार नाही. नेमकं वर्ष सोडून द्या. कारखाना, वजन आणि प्रकृती कळली, हे खूप झालं.

चाळीतलापोर

बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, संपानंतर दारूखान्याच्या भंगारबाजारातून हातगाडीवर आणली होती, त्यांच्या आईनं त्यासाठी बांगडी मोडली होती. हे त्यांनी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. भंगारवाल्याला आज त्यांनीच परत पाठवलं.

वसईला मामांची शेड आहे, तिथे तळमजल्यावर ठेवणार आहोत. आता बसवायची कशी? आणि मूळ प्रश्नातला तो चौकोनी भोकात अडकलेला तुकडा तसाच आहे.

विळाकोयता

बसवायला बाभळीचा ओंडका घ्या, उभ्या शिरांचा. आडवा ठेवला तर दुभंगेल. उंची अशी की ताठ उभं राहून हात खाली सोडून मूठ वळली की बोटांची पेरं पाठीला टेकली पाहिजेत. त्याहून उंच झाली तर खांदा जातो, खाली झाली तर कंबर. पाय लोखंडी पट्ट्यांनी आवळून घ्या. आवाज शेजाऱ्यांना त्रासाचा वाटला तर कंबरेला जाड साखळी घट्ट गुंडाळा, बराच उतरतो.

अडकलेला तुकडा बहुतेक उभी छिन्नी असेल, तापलेलं लोखंड तोडायची. वरून ठोकू नका. ती पाचरीसारखी आणखी बसेल आणि भोकापाशी टोक मोडायची भीती असते, तिथे ऐरण सगळ्यात कमजोर. रॉकेल मिळालं तर ते, नाहीतर डिझेल, वरून आणि खालून चार-पाच दिवस मुरू द्या. मग आडवी करून खालच्या बाजूनं तांब्याच्या किंवा पितळेच्या दांड्यानं हलकेच ठोका. घाई नको.

तासयंत्र

माझ्याकडे पितळेचा दांडा आहे, फुटभर. मी नालासोपाऱ्याला राहतो. वसईला आणून देतो.

सुमेधा_दादर

निघाली की नाही?

चाळीतलापोर

उशीर झाला, माफ करा. परवा रविवारी तासयंत्र काका स्वतः आले. डिझेल सहा दिवस मुरवलं होतं. सतराव्या-अठराव्या ठोक्याला सुटली. छिन्नीच आहे. दोन्ही अंगांना गंज, पण धारेजवळ स्वच्छ, आणि दांड्यावर आजोबांच्या नावातलं "आ" कोरलेलं आहे. बाबांनी ती रुमालात बांधून घरी नेली.

आता भोकाच्या आतला गंज कशानं काढू? ब्रश आत जात नाही.

विळाकोयता

चौकोनी कानस घ्या, पण कोपरे खाऊ नका. किंवा काठीला पॉलिश पेपर गुंडाळून तेल लावून घासा. आणि भाता लावाल तेव्हा कळवा, मी येतो.